लेकीचा गोठा

माझी लेक गोठ्यात राहते. आता हे मी कुणालाही तोंड भरून सांगते, पण पाच-सहा वर्षं हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. सिंगापुरात पासिर रिसमध्ये आमच्या ब्लॉकच्या खाली गणपतीला मराठी मंडळी जमली की कुणीतरी विचारायचंच, "काय गं, लेकीनं स्कॉटलंडमध्ये घर घेतलं म्हणे?" मी म्हणायची, "हो, फार्महाऊस आहे. हायलंड्समध्ये. डोंगर, झरे वगैरे." 'वगैरे'वर जरा जोर द्यायचा आणि वड्यांची प्लेट पुढे करायची. एकदा नेमका तेव्हाच तिचा व्हिडिओ कॉल चालू होता. सगळ्यांच्या देखत तिकडून आपल्या सिंगापुरी ढंगात ओरडली, "आई, फार्महाऊस काय? काउशेड आहे लाह, काउशेड!" बायका खो-खो हसल्या. मी फोन असा काही दाबला की त्याची काच वाचली हेच नशीब.

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते. आमचे हे शांत. आंग मो किओच्या एका कंपनीत आयटी मॅनेजर आहेत आणि घरीही तसेच, म्हणजे सगळं ऐकून घेणार आणि शेवटी "बघू" म्हणणार. लेक आमची एकुलती एक. इथल्या शाळेत शिकली, मग इंजिनिअरिंगला स्कॉटलंडला गेली आणि तिकडे एका गुरांच्या डॉक्टरच्या प्रेमात पडली. जावई माणूस म्हणून सोनं आहे. दारातून वाकून आत येतो, बोलतो कमी, आणि माझ्या हातची आमटी वाटीनं पितो. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण गुरांचा डॉक्टर आणि वर गोठ्यात संसार! हे जरा अतिच होत होतं.

घराचा पहिला फोटो तिनं पाठवला तेव्हा मी पाया लेबारला मॉलमध्ये रांगेत उभी होते. फोटोत एक लांबलचक दगडी पडवी. अर्धं छप्पर खाली आलेलं आणि आत चक्क एक झाड उगवलेलं. कुणा शेतकऱ्यानं शेदोनशे वर्षांपूर्वी गुरांसाठी बांधलेला गोठा, त्याला लागून धान्य झोडपायची जागा, आणि शेवटी गाड्या ठेवायच्या कमानी. कित्येक वर्षं तिथे कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. "डोकं फिरलंय का तुझं?" ती म्हणाली, "आई, भिंती बघ ना. छप्पर पडलं, पण भिंती एक इंच हललेल्या नाहीत." मी म्हटलं, "भिंती काय चाटायच्या?" पुढे उभ्या असलेल्या चिनी आजी दचकून मागे बघायला लागल्या.

आता भिंतींचं आणि आमचं नातं काय, ते सांगायला हवं. वीस-बावीस वर्षं आम्ही सिंगापुरात आहोत, ह्यांच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवरच्या परवान्यावर. माझा पास ह्यांच्या पासाला लटकलेला. कायम भाड्याचे फ्लॅट. करार संपला की एजंटचा फोन, मग खोकी, मग नवा ब्लॉक. सगळ्या फ्लॅट्सचा नियम एकच, की घर जसं घेतलं तसंच परत करायचं. त्यामुळे खिळा म्हणून ठोकायचा नाही. आमचं देवघर चाकांच्या छोट्या कपाटावर, तोरण चिकटणाऱ्या हुकांवर, आणि फोडणी देताना मागच्या टाइल्सना फॉइल लावलेली. हे चेष्टा करतात, पण एकाही घरमालकाला मी भिंतीवर बोट ठेवायला जागा दिली नाही. फार अभिमान होता मला त्याचा.

तर असं सगळं चालू असताना गेल्या वर्षी लेकीनं गोड बातमी दिली. मी आधी रडले, मग देवापुढे साखर ठेवली, आणि मग म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरी." आमच्याकडे हे ठरवायचं नसतंच, ते असतंच. माझं झालं, माझ्या बहिणीचं झालं, सगळ्यांचं झालं. पहिलटकरणीनं आईकडे यायचं, आईनं तिला न्हाऊ-माखू घालायचं, खाऊ घालायचं, आणि मग भरल्या हातांनी परत पाठवायचं. सातव्या महिन्यात मी तिकडे जाणार, डोहाळजेवण करणार, आणि विमानवाले नाही म्हणायच्या आत तिला घेऊन येणार. माझं जायचं-यायचं आणि तिचं यायचं, अशी तिकिटं मी काढून मोकळी झाले.

ह्यांनी विचारलं, "तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? गोठ्यात बाळंत होणार का ती?"

"बघू," हे म्हणाले.

बॅगेत डिंक, हळीव, खारीक, बाळंतशोपा, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि हळद-कुंकवाचे करंडे भरले आणि निघाले. चांगी विमानतळापासून इन्व्हरनेसपर्यंत मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. ती हे म्हणेल, मग मी ते म्हणेन. सगळे मुद्दे पाठ होते.

विमानतळावरून जावयाने गाडीनं नेलं. एप्रिल असून दूरच्या डोंगरांवर बर्फ होता. रस्ता अरुंद होत गेला, मग मेंढ्या दिसायला लागल्या, आणि मग एका वळणावर गाडी थांबली. मी उतरले आणि, खरं सांगते, पहिला मुद्दाच विसरले.

फोटोत दिसत नाही हो ते. समोर ती लांब, बुटकी इमारत अशी बसली होती की जणू तिथून उठायचा तिचा विचारच नाही. करडे, गुलाबी, काळसर दगड, एकासारखा दुसरा नाही. काही तर आमच्या जुन्या धुण्याच्या दगडाएवढे. मधल्या फटींत छोटे छोटे दगड नीट बसवलेले. नांगर अडला की शेतातून दगड काढायचा, बांधावर टाकायचा, आणि त्या ढिगातून हे उभं केलेलं. छपराला पाटीचा दगड, आम्ही लहानपणी ज्याच्यावर मुळाक्षरं गिरवली तोच. हे सगळं हातांनी उचलून, डोळ्यांनी मापून, कुणी नाव न लिहिता ठेवून गेलं! आणि तेही गाईंसाठी. मी तोंडाचा आ करून बघत राहिले. थंडीनं दात वाजत होते तरी आत जावंसं वाटेना.

दारात लेक उभी होती. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. मिठी मारून झाल्यावर मी चौकटीला हात टेकला, तर दगड एकदम गुळगुळीत लागला. बाकी चौकट खरबरीत, आणि कमरेच्या उंचीला मात्र दोन्ही बाजूंच्या कडा घासून घासून गोल झालेल्या. "हे असं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "गाईंची पोटं घासून, आई. रोज सकाळ-संध्याकाळ आत-बाहेर करायच्या ना." आणि ती वळून आत गेली, एक हात पोटाखाली आणि दुसरा सहज त्याच गुळगुळीत जागेवरून फिरवत. किती गाभण गाई त्या दारातून गेल्या असतील! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मीही त्याच जागेवरून हात फिरवत आत गेले.

आत गेले तर आणखीनच कमाल. गाई बांधायच्या जागांमधले उभे दगडी पडदे तसेच ठेवलेले, आणि दोन पडद्यांच्या मध्ये तिचा ओटा. भिंतीत गाईच्या दाव्याची लोखंडी कडी, तिला हात पुसायचा टॉवेल अडकवलेला. जमीन फरशांची, पण खालून गरम, त्यामुळे अनवाणी चालता येत होतं. कमानींना मोठाल्या काचा, आणि त्यांच्यातून सगळा डोंगर घरात. धान्याच्या खोलीला समोरासमोर दोन दारं. दोन्ही उघडली की वारा आरपार जाणार आणि धान्य उफणलं जाणार, असा हिशेब करून ठेवलेली. पंखा नाही, मशीन नाही, नुसती दारं कुठे ठेवायची एवढी अक्कल. अगंबाई, काय माणसं असतील ती!

पण मला खरं वेड लावलं ते झरोक्यांनी. गुरांना हवा मिळावी म्हणून भिंतीत उभ्या चिरा ठेवल्या होत्या, बाहेरून जेमतेम चार बोटं आणि आतून हातभर रुंद. भिंतच दीड हात जाड. लेकीनं त्यांना फक्त काच लावली होती. संध्याकाळी ऊन आडवं झालं, तसं त्या चार बोटांतून आत शिरलं आणि पसरत पसरत समोरची अख्खी भिंत सोन्याची झाली. मी चहा हातात घेऊन उभी होते, तो गार झाला. पासिर रिसला आमच्याकडे विमानं, बस, वरच्यांचा एसी, कुणाचं तरी ड्रिल, काहीतरी चालूच असतं. इथे इतकं शांत की माझ्याच बांगड्यांचा आवाज मला मोठा वाटायला लागला. जावयाला कुणाच्या तरी गाईचा फोन आला आणि तो निघून गेला. आम्ही दोघी नुसत्या बसून राहिलो. तिकिटांचं काढायचं होतं, पण म्हटलं, उद्या बघू. ऐकलंत ना? "बघू" म्हणायला लागले होते मी.

डोहाळजेवण दोन दिवसांनी होतं. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी हळद भिजवली. नव्या वास्तूला, नव्या गाडीला, मंगल कार्याला आपण हळदीची पाच बोटं ओढतोच. बाळाची खोली तयार झाली होती. ती पूर्वी वासरांना ठेवायची खोली. तिच्या भिंतीला नुकतीच चुन्याची सफेदी दिली होती. काम जावयाचं, आणि खुर्चीत बसून हुकूम सोडायचं काम लेकीचं. पांढरीशुभ्र भिंत. मी पाच बोटं बुडवली आणि दाराशेजारी ओढली. पिवळीधम्मक. नमस्कार केला आणि डोळे उघडले, तर बोटं लाल व्हायला लागलेली.

 बघता बघता पिवळ्याचं भगवं, भगव्याचं लालभडक. मी पदर खोचला, ओलं फडकं आणलं आणि खसाखसा पुसायला लागले. पुसावं तितकं ते पसरलं. पाच बोटांचा हातभर डाग झाला. सिंगापुरात आमच्या ऑइलपेंटवर हळद लागली तर पिवळी राहते, आणि साबणानं जाते. इथे भिंतच लाल झाली! तेवढ्यात मागून लेकीची पावलं वाजली.

"अगं, हे बघ काय झालं," मी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले. "आता हे निघणार कसं? मालक काय म्हणेल?"

ती भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हिचा पारा चढणार, पोरगी माझ्यावरच गेलीय. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, मालक मीच आहे."

मी फडकं हातात धरून तशीच उभी. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, हळद आणि चुना! कुंकू तसंच तर करतात. लहानपणी मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप लाल होताना मी शंभरदा पाहिलाय. मी नुसती हळद लावली होती आणि त्या परक्या मुलखातल्या, कुण्या अनोळखी शेतकऱ्याच्या भिंतीनं तिचं कुंकू करून दाखवलं होतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "अल्कली ना आई, शाळेत सेकंडरी टूमध्ये शिकवतात." म्हटलं, "शिकवू देत. कुंकू आहे ते." ती म्हणाली, "मग पुसतेस कशाला? राहू दे की."

राहू दे! भिंतीवरचं काही राहू दे असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

तिथेच वासरांच्या खोलीत खाली बसले आणि तिकिटांचं सांगून टाकलं. आता नाही तर कधी नाही. "तुझंही काढलंय. चल माझ्याबरोबर. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आपल्याकडे."

"माहीत आहे. बाबांनी सांगितलं." म्हणजे आमच्या शांत माणसानं आधीच फितुरी केली होती. ती माझ्यासमोर कशीबशी मांडी घालून बसली. "आई, रागावू नको हं. पण माहेर म्हणजे कुठला फ्लॅट?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? पासिर रिसचा."

"तिथे मी राहिलेच नाहीये कधी. मी गेल्यावर घेतलात तुम्ही तो. आणि याचा लीज पुढच्या वर्षी संपेल, मग दुसरीकडे जाल. बाबा रिटायर झाले की पास संपला, मग तर सिंगापूरच नाही. उद्या बाळानं विचारलं, मी कुठे जन्मलो, तर मी कुठलं दार दाखवू? मी लहान होते ते एकही घर मला दाखवता येत नाही. बेल वाजवली तर कोण उघडेल, हे पण माहीत नाही." मग माझा चेहरा बघून तिनं माझा हळदीचा हात धरला. "आय ॲम नॉट ब्लेमिंग यू. छान होतं सगळं. पण म्हणून तर मला ह्या भिंती हव्या होत्या. तरी तुला खरंच हवं असेल ना, तर मी येते. आमचं बोलणं झालंय. तो सुट्टी घेऊन तिकडे येईल. तू सांग फक्त."

बघा आता. भांडली असती तर मी जिंकले असते. मी सांगायचं, आणि ती येणार!

अंगावर शाल घेऊन बाहेर पडले. घराला एक फेरी मारली, मग दुसरी. इतका राग आला होता, आणि कुणावर ते कळेना. बावीस वर्षं मी प्रत्येक घर आरशासारखं ठेवलं, प्रत्येक घरात सणवार केले, आणि पोरगी विचारते, कुठला फ्लॅट?  मागच्या भिंतीला टेकून पोटभर रडून घेतलं. कुणी बघायलाही नव्हतं, मेंढ्या सोडून. पाठीला दगड लागत होते, आणि सकाळच्या उन्हानं ते कोमट झाले होते. तिथून वर बघितलं तर ती बुटकी भिंतही थेट आभाळात गेल्यासारखी वाटली. मला अचानक वाटलं, मी हिला कुठे घेऊन चाललेय? इथून उचलून, दुसऱ्याच्या पडद्यांच्या, दुसऱ्याच्या पलंगाच्या खोलीत, जी आपण उद्या धुऊनपुसून परत करणार आहोत? ह्या घरापुढे मी केवढीशी, आणि माझा हट्ट केवढा.

तिथूनच ह्यांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे ट्रेनची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

"अहो, तिकिटं रद्द करा."

"तिचं?"

"दोन्ही. माझा व्हिसा सहा महिन्यांचा आहे. मी राहते इथे."

 हे म्हणाले, "आणि माझं जेवण?"

"हॉकर सेंटर आहे की खाली," मी म्हटलं. "आणि जमलं तर सुट्टी टाका. घर बघायला तरी या. बघण्यासारखं आहे हो, फारच."

डोहाळजेवण दणक्यात झालं. हिरवी साडी नेसून लेक दोन दगडी पडद्यांच्या मध्ये बसली, शेजारच्या शेतांवरच्या बायका आल्या, त्यांनी पुरणपोळी जॅम लावून खाल्ली. मग मे गेला, जून लागला. संध्याकाळचा उजेड संपेचना. मी त्या घरात डिंकाचे लाडू वळले, पायाला लोणकढं तूप चोळायला शिकवलं, आणि रोज वेगळ्या झरोक्याशी बसून बघत राहिले. सवय होईल असं वाटलं होतं. ती झालीच नाही, आजतागायत नाही.

बाळ इन्व्हरनेसच्या हॉस्पिटलात झालं. मुलगी. सगळं सुखरूप. तिसऱ्या दिवशी सकाळी जावई दोघींना आणायला गेला. हे आदल्या दिवशीच येऊन पोचले होते, पण त्यांनाही मी त्याच्याबरोबर पिटाळलं. घरात मी एकटी. भाकरी थापली, तिचा तुकडा ताटलीत घेतला, तांब्या भरला, निरांजन लावलं, आणि गाडीचा आवाज आला तशी दारात जाऊन उभी राहिले.

लेक बाळाला कुशीत घेऊन आली आणि बाहेरच थांबली. मला वाटलं, थकली. म्हटलं, "अगं ये ना आत. घर तुझंच आहे."

ती जागची हलली नाही. "आज नाही," म्हणाली. "आज तू आत आहेस आणि मी बाहेर. आई, येऊ का?"

  कसाबसा भाकरतुकडा दोघींवरून ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं, आणि म्हटलं, "ये बाई, ये." अशी माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.